मुळशीच्या खोऱ्यात दोन दिवस : पाणी कुणाचं, रान कुणाचं

शनिवारी सकाळी सातनंतर भूगावच्या रस्त्याकडेला उभे राहिलात तर वाटेल, सगळं पुणं मुळशीला निघालंय. पण मुळशी म्हणजे नेमकं कुठे, हे त्यातल्या बऱ्याच जणांनी ठरवलेलं नसतं. कुणाच्या डोक्यात धरणाचं पाणी असतं, कुणाच्या ताम्हिणीचे धबधबे. कुणी तंबूचे पैसे आगाऊ भरलेले असतात, तर कुणी मोबाइलवर पाहिलेल्या एखाद्या ‘पॉइंट’चं नाव घेऊन गाडी काढलेली असते. ताडोब्याला गेट असतं, वेळा असतात, सोबत वाटाड्या असतो. मुळशीला यातलं एकही नाही. रस्ता सरळ आत घेऊन जातो, आणि आपण कधी कुणाच्या हद्दीत शिरलो ते कळतही नाही.

मालक मात्र आहेत, आणि एकापेक्षा जास्त आहेत. धरणाचं पाणी टाटा पॉवरचं. डोंगरउतारांवरचं बरंचसं रान वनखात्याचं, आणि त्यातला ताम्हिणीकडचा तुकडा अभयारण्याचा. उरलेली जमीन गावकऱ्यांची, किंवा गावकऱ्यांकडून ज्यांनी विकत घेतली त्यांची. रस्ता तेवढा सगळ्यांचा. इथे पर्यटकांचे जे वाद होतात, दंड होतात, जिवावरचे प्रसंग येतात, त्यांपैकी बरेचसे ही हद्द न ओळखल्याने होतात, असं माझं मत आहे. म्हणून काय बघावं हे सांगताना ते कुणाचं आहे हेही सांगत जातो.

आधी रस्ता. चांदणी चौकातला नवा उड्डाणपूल २०२३ मध्ये खुला झाल्यापासून कोथरूडकडून येणाऱ्यांचा तिथला ताण कमी झालाय, पण ताण संपला नाही, पुढे सरकलाय. भूगाव, भुकूम, पिरंगुट या पट्ट्यात सोसायट्या, मंगल कार्यालयं आणि पिरंगुटच्या कारखान्यांचे ट्रक एकाच रस्त्यावर असतात. सकाळी साडेसहाच्या आत भूगाव मागे टाकलंत तर तासाभरात धरणाशी पोचाल. आठला निघालात तर तो तास पिरंगुटच्या अलीकडेच जाईल. लग्नाची दाट तिथी असेल त्या दिवशी संध्याकाळचं तर विचारूच नका. गाडी नसेल तर स्वारगेटहून ताम्हिणीमार्गे माणगाव-महाडकडे जाणाऱ्या एसटी गाड्या आहेत. मात्र परतीच्या गाडीची वेळ उतरतानाच कंडक्टरला विचारून ठेवा.

भूगावात थांबण्यासारखं काही आहे का, असं लोक विचारतात. थांबायला नको, पण बघत जायला हरकत नाही. उजव्या-डाव्या हाताच्या टेकड्यांवरून उतरणारं पाणी रामनदीचं. ही नदी भुकूमजवळ खाटपेवाडीच्या तळ्यापाशी उगम पावते आणि भूगाव, बावधन, पाषाणावरून शहर ओलांडून मुळेला मिळते. गावचा मानस तलाव याच ओघातला. कुस्तीवाल्यांना भूगाव ठाऊक आहे ते २०१७ च्या महाराष्ट्र केसरीमुळे. ती स्पर्धा इथेच भरली होती. आणि जमिनी विकून आलेल्या पैशांचं पुढे काय होतं, ते ‘मुळशी पॅटर्न’ या २०१८ च्या सिनेमाने दाखवलं. खोऱ्यात शिरण्याआधी तो पाहून घेतलात तर रस्त्याकडेच्या ‘एनए प्लॉट’च्या पाट्या वेगळ्या दिसतील.

पौड हे तालुक्याचं ठिकाण. पेट्रोल, एटीएम, औषधाचं दुकान, जे काही लागेल ते इथेच उरका. तहसील कचेरी, पोलीस ठाणं आणि ग्रामीण रुग्णालयही इथेच आहे, ते कुठे आहे हे जाताना बघून ठेवा. पौडच्या पुढे मोबाइलची रेंज येते-जाते आणि ताम्हिणीच्या आसपास बऱ्याच ठिकाणी नसतेच. नकाशा आधीच उतरवून घ्या, रोख पैसे बाळगा, आणि घरच्यांना ‘संध्याकाळपर्यंत फोन लागला नाही तरी घाबरू नका’ एवढं सांगून ठेवा.

आता पाणी. माले गावाच्या पुढे रस्ता वळतो आणि जलाशय एकदम समोर येतो. गाडी थांबवून फोटो काढावासा वाटतो, काढा. पण हा तलाव नव्हे, हे लक्षात ठेवून काढा. निळा आणि मुळा या दोन नद्यांच्या संगमाजवळ टाटांनी बांधलेलं हे धरण १९२७ च्या सुमाराला पुरं झालं, ते मुंबईच्या गिरण्यांना आणि शहराला वीज देण्यासाठी. लोणावळ्याचं पाणी खोपोलीच्या वीजकेंद्रात १९१५ पासून पडत होतं, ठोकरवाडीचं १९२२ पासून भिवपुरीला, आणि मुळशीचं पाणी भिऱ्याला. साधी गोष्ट वाटेल, पण नीट विचार केला तर गंमत आहे. सह्याद्रीच्या माथ्यावरून पूर्वेकडे वाहणारी, भीमा-कृष्णेतून बंगालच्या उपसागराला जाणारी नदी इथे अडवली, डोंगर फोडून सुमारे ५०० मीटर खाली कोकणात सोडली, आणि ती अरबी समुद्राला मिळाली.

या पाण्याखाली गावं आहेत. १९२० च्या सुमाराला नोटिसा निघाल्या तेव्हा खोऱ्यातली ५२ गावं आणि हजारो माणसं त्यात येत होती. जमीन साधीसुधी नव्हती, भाताची खाचरं होती, पिढ्यान् पिढ्या बांध घालून केलेली. १६ एप्रिल १९२१ला, रामनवमीच्या दिवशी, मावळ्यांनी धरणाच्या जागेवर ठाण मांडलं आणि काम थांबवलं. पुढारी होते पांडुरंग महादेव बापट. पॅरिसमध्ये बॉम्बची विद्या शिकून आलेला हा पारनेरचा माणूस मुळशीत ‘सेनापती’ झाला, आणि नाव कायमचं चिकटलं. सोबत विनायकराव भुस्कुटे होते. काम काही महिने थांबलं, पुन्हा सुरू झालं. लोक तुरुंगात गेले, त्यात बायकाही होत्या. बापटांनी शेवटी धरणाच्या कामाची रेल्वे अडवली आणि सात वर्षांची सजा भोगली. पण चळवळ मोडली, धरण झालं. धरणाविरुद्ध संघटितपणे उभं राहिलेलं जगातलं हे पहिलंच आंदोलन, असं अभ्यासक सांगतात. राजेंद्र व्होरा यांचं मुळशी सत्याग्रहावरचं पुस्तक जाण्याआधी चाळलंत तर पाण्याकाठी बसल्यावर बोलायला काही तरी राहील. शनिवारी पुण्याच्या सेनापती बापट रस्त्यावरून गाडी काढून इथे येणारे कितीतरी असतात, आणि त्यांतल्या किती जणांना हा सांधा माहीत असतो, याचं मला नेहमी कुतूहल वाटतं.

हे सगळं मार्गदर्शनपर लेखात कशाला, असं कुणी म्हणेल. कारण याचा सरळ संबंध तुमच्या वागण्याशी आहे. धरणाच्या भिंतीवर बाहेरच्यांना प्रवेश नाही. रखवालदाराशी हुज्जत घालू नका, तो त्याचं काम करतोय. पाण्यात पोहायला उतरायचं नाही. वरून शांत दिसणारा काठ आत चार पावलांवर एकदम खोल जातो, कारण खाली जुन्या नदीचं पात्र आणि खाचरांचे बांध आहेत. पायाखाली गाळ लागतो, पाय उचलत नाही, आणि माणूस घाबरून पाणी पितो. पट्टीचे पोहणारेही अशाच ठिकाणी फसतात. लहान मुलं बरोबर असतील तर काठाकाठाने खेळतानाही एक मोठं माणूस पाण्याच्या बाजूला हवं. आणि काठावरचा माणूस ‘इथे आमचं गाव होतं’ असं म्हणाला, तर जरा थांबून ऐका. त्याच्या आजोबांना त्या खाचराची किंमत मिळाली नसेल. ज्यांची जमीन सावकाराकडे गहाण होती, त्यांच्या हाती फारसं काही पडलं नाही.

मुक्कामाकडे येऊ, कारण हल्ली तंबूसाठीच जास्त लोक येतात. पहिली गोष्ट : अभयारण्यात आणि राखीव जंगलात तंबू ठोकायची परवानगी नाही. रस्त्याच्या कडेला मोकळं माळरान दिसलं म्हणून ते कुणाचंच नाही, असं मुळशीत नसतं. म्हणजे मुक्काम खासगी जागेतच, आणि जागामालकाच्या परवानगीनेच. जलाशयाकाठी अशा बऱ्याच जागा आहेत. त्यांतली कुठली चांगली, ते मी नावानिशी सांगणार नाही. नावं दर हंगामात बदलतात. फोनवर काय विचारायचं, ते सांगतो.

जागा तुमची स्वतःची की भाड्याची? रात्री तिथे तुमचं कोण असतं, आणि ते माणूस गावचं आहे का? संडास पक्का आहे की फक्त आडोसा? तंबू पाण्यापासून किती लांब? गाडी तंबूपर्यंत येते की चालत जावं लागतं, आणि पावसात ती वाट कशी असते? स्पीकर किती वाजता बंद होतो? या शेवटच्या प्रश्नाला ‘पब्लिकवर अवलंबून’ असं उत्तर आलं तर समजा की झोप मिळणार नाही. ‘तुम्हाला हवं तितका वेळ’ असं उत्तर आलं, तर दुसरी जागा बघा. आणि ‘पाण्यात बोट आहे, पोहता येतं, सगळं चालतं’ असं कुणी म्हणालं, तर फोन ठेवा.

तंबू स्वतःचा नेणार असाल तर काही गोष्टी कुणीच आधी सांगत नाही. संध्याकाळनंतर पाण्यावरून वारा सुटतो, म्हणून तंबूचं दार वाऱ्याच्या उलट बाजूला ठेवा. ओघळीत, म्हणजे कोरड्या दिसणाऱ्या पाण्याच्या वाटेत तंबू लावू नका; वर डोंगरात पाऊस झाला की ती वाट जागी होते. सुकलेल्या फांद्या वर लटकत असतील ते झाड सोडा. नोव्हेंबर ते जानेवारीत इथे थंडी पुण्यापेक्षा बरीच जास्त असते आणि दव इतकं पडतं की पहाटे तंबूचं कापड पिळता येतं. बूट बाहेर ठेवलेत तर सकाळी ओले मिळतील, आणि आधी झटकून मगच पाय घाला. वरून एक ताडपत्री, खाली एक जाड प्लास्टिक, आणि बिछान्याखाली चटई. महागड्या स्लीपिंग बॅगेपेक्षा जमिनीकडून येणारी थंडी अडवणं जास्त महत्त्वाचं.

एक गोष्ट कटाक्षाने पाळा : शेगडी, कोळसे, निखारे यांतलं काहीही तंबूच्या आत नेऊ नका, भले कितीही थंडी वाजो. बंद तंबूत धूर दिसत नाही आणि वासही येत नाही, पण विषारी वायू साठतो आणि माणूस झोपेतच जातो. शेकोटी करायची तर जागामालकाने ठरवलेल्या खड्ड्यातच, आणि निजण्याआधी पाणी ओतून राख हाताने चाचपून. जानेवारीनंतर डोंगरावरचं गवत वाळतं आणि मे अखेरपर्यंत एका ठिणगीवर वणवा पेटतो. अभयारण्यात आग लावणं हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे, मग ती चुकून लागलेली का असेना. आधी कुणीतरी लावलेल्या शेकोटीची राख दिसली म्हणून तिथेच पुन्हा पेटवणं, हे उगाच चालून येणारं दुखणं आहे.

जेवणाबद्दल फार चिंता करू नका. रस्त्यालगतच्या घरगुती खानावळींत पिठलं-भाकरी, अंड्याची करी, कोंबडी मिळते; फक्त तासभर आधी सांगा, चूल पेटल्यावरच भाकरी थापली जाते. तांदळाची चौकशी करा. मुळशीचा आंबेमोहोर हा या खोऱ्याचा मान आहे, त्याला भौगोलिक मानांकनही मिळालंय. दुकानात आंबेमोहोर म्हणून दुसराच तांदूळ विकला जातो, हे खरं, पण ओळखीतल्या शेतकऱ्याकडे दिवाळीनंतर नवा तांदूळ मिळाला तर दोन किलो घेऊन यावा. शिजताना अर्ध्या घराला कळतं.

पुढे ताम्हिणी. ताम्हिणी वन्यजीव अभयारण्य २०१३ मध्ये घोषित झालं, क्षेत्र सुमारे ५० चौरस किलोमीटर, पुणे आणि रायगड जिल्ह्यांत मिळून. त्यामुळे घाटाच्या भागात बऱ्याच ठिकाणी तुम्ही डांबरी रस्त्यावरून उतरलात की अभयारण्यात असता. तिथे वनखात्याची नोंद आणि शुल्क लागतं. पावती घ्या, तिचा फोटो काढून ठेवा. दिवेलागणीनंतर आत थांबायचं नाही.

जंगल बघायचं कसं, हे लोकांना शिकवावं लागतं, कारण ‘वाघ दिसतो का’ हाच पहिला प्रश्न असतो. वाघ नाही. बिबट्या आहे, पण तो तुम्हाला बघतो, तुम्ही त्याला नाही. इथला खरा राजा म्हणजे शेकरू, आपला राज्यप्राणी. त्याला शोधायचं तर मान वर करून फांद्यांत डोळे फिरवू नका. आधी घरटं शोधा : उंच झाडाच्या शेंड्याकडे, जिथे दोन झाडांच्या फांद्या एकमेकींना भिडतात तिथे, पानाकाड्यांचा मोठा फुटबॉलसारखा गोळा. एका शेकराची अशी तीन-चार घरटी असतात, त्यामुळे प्रत्येकात प्राणी असेलच असं नाही. मग खाली बघा. कुरतडलेली फळं, सालं, ताज्या पानांचे तुकडे जमिनीवर पडलेले दिसले, तर तिथेच खाली बसा आणि पंधरा मिनिटं बोलू नका. एक खडखडीत, लांबवर ऐकू जाणारी हाक येईल, आणि मग तांबूस-पिवळसर शेपटी दिसेल, अंगापेक्षा लांब. शेकरू झाडावरून झाडावर उडी मारतं तेव्हा शेपटी सुकाणूसारखी फिरते, ती बघायची. सकाळी आठच्या आधी आणि चारनंतर पाहायला मिळण्याची शक्यता जास्त.

बाकी भेकर, सांबर, पिसोरी, रानडुक्कर, खवल्या मांजर यांचं रान हे. दिसतील असं सांगत नाही, पण पाणवठ्यावर त्यांचे खूर आणि पंजे दिसतात, आणि ते बघणं हेही बघणंच. पक्ष्यांसाठी डिसेंबर-मार्च बरे. शीळकरी कस्तूर सकाळी धबधब्याच्या खडकांवर शीळ घालतो तेव्हा आधी वाटतं कुणी माणूस गुणगुणतोय. मलबारी धनेश, स्वर्गीय नर्तक, हळद्या, निखार, रानकोंबडा. दुर्बीण असेल तर आणा. आवाज वाजवून पक्ष्याला बोलवायची सवय असेल तर ती घरी ठेवा. विणीच्या काळात त्याला दुसरा नर झुंजायला आलाय असं वाटतं आणि घरटं उघडं पडतं.

सापांविषयी थोडं. पावसाळ्यात हिरव्या झुडपांत हिरवा चापडा बसलेला असतो, हात टेकवण्याच्या उंचीवर. त्याच्यासाठी प्रत्येक खडकाला, प्रत्येक फांदीला हात लावण्याआधी बघा, इतकंच. चावलंच तर आवळपट्टी बांधणं, चिरणं, चोखणं हे सगळं निषिद्ध. हात किंवा पाय न हलवता ठेवा, अंगठी-घड्याळ काढा, आणि १०८ ला फोन करा. रेंज नसेल तर गाडीने सरळ पौडच्या ग्रामीण रुग्णालयाकडे, किंवा घाट उतरलेला असाल तर माणगावच्या उपजिल्हा रुग्णालयाकडे. वनखात्याची हेल्पलाइन १९२६, आणि पोलिसांसह बाकी सगळ्यासाठी ११२. हे आकडे फोनमध्ये नको, कागदावर लिहून गाडीत ठेवा. बॅटरी संपते, कागद संपत नाही.

काजवे हा वेगळाच विषय आहे आणि तो हातघाईचा झालाय. मे महिन्याच्या शेवटी आणि जूनच्या पहिल्या पंधरवड्यात, वळवाचे दोन-तीन दणके झाले की ऐन, हिरडा, बेहडा, उंबर अशा झाडांवर काजवे लुकलुकू लागतात. काजव्याचं आयुष्य बहुतेक जमिनीत अळी म्हणून जातं, गोगलगाई खात. पंख फुटल्यानंतर त्याच्या हातात काही दिवसच असतात, आणि ते सगळे जोडीदार शोधण्यासाठी असतात. तो प्रकाश म्हणजे त्याची हाक. म्हणून गाडीचे हेडलाइट, मोबाइलचा टॉर्च, कॅमेऱ्याचा फ्लॅश यांनी नुकसान होतं, आपल्याला वाटतं त्याहून बरंच. टॉर्चवर लाल कागद लावा आणि जमिनीकडे धरा. गवतात उतरू नका, मादी बऱ्याचदा तिथेच बसलेली असते. डबीत भरून घरी नेण्याची हौस पोरांची असते. मोठ्यांनी ती पुरवू नये.

आता पावसाळा. खरं तर सगळ्यांना तेच हवं असतं, आणि खरी काळजीही तिथेच घ्यावी लागते. ताम्हिणी हे महाराष्ट्रातलं सर्वाधिक पावसाचं ठिकाण म्हणून हल्ली ओळखलं जातं. जुलै २०२४ मध्ये इथे चोवीस तासांत ५५० मिलिमीटरच्या वर पाऊस नोंदला गेला. पुण्याला वर्षभरात जेवढा पडतो त्याच्या जवळपास तीनचतुर्थांश, एका दिवसात. त्याच पावसाळ्यात लोणावळ्यापासून ताम्हिणीपर्यंत माणसं वाहून गेली आणि मग जिल्हा प्रशासन व वनखात्याने मनाई आदेश काढले. प्लस व्हॅली, अंधारबन, कुंडलिका दरीतल्या ठिकाणांवर बंदी आली. दरवर्षी जूनमध्ये असे आदेश निघतात आणि पाऊस संपेपर्यंत राहतात; निघण्याआधी त्या हंगामाचा आदेश वाचा. ‘आम्ही पलीकडच्या पायवाटेने गेलो’ असं अभिमानाने सांगणारे भेटतात. त्यांना वाट सापडते, पण सुटकेसाठी आलेल्या गावच्या पोरांना परतीची वाट अंधारात शोधावी लागते.

धबधब्याखाली का जाऊ नये, हे नुसतं ‘धोका आहे’ म्हटल्याने पटत नाही. पाऊस आपल्यावर पडत नसतो, तो घाटमाथ्यावर, धुक्याच्या वर पडत असतो. वरच्या पठारावरचं सगळं पाणी एका घळीतून खाली येतं, आणि ती घळ अर्ध्या तासात दुप्पट भरते. पाणी गढूळ झालं, त्यात पालापाचोळा आणि काटक्या येऊ लागल्या, आवाजाचा सूर जाड झाला, की तो इशारा. त्या क्षणी सामान न आवरता बाजूच्या उंच जागेवर जायचं. पलीकडे राहिलेल्या मित्राला आणायला पुन्हा पाणी ओलांडायचं नाही. तो तिथे तासभर भिजेल, पण पाणी ओसरल्यावर परत येईल. कुंडात तर उतरूच नका, वरून पडणारं पाणी तळाशी भोवरा करतं आणि माणसाला खडकाखाली ओढतं.

घाटरस्त्यावर दरडीही येतात आणि कधी कडाही खचतो. अधूनमधून रस्ता बंद ठेवला जातो. धुक्यात पार्किंग लाइट लावून रस्त्याच्या मधोमध गाडी थांबवणारे महाभाग दरवर्षी दिसतात. थांबायचंच तर गाडी पूर्ण रस्त्याबाहेर, दाराशी दरी नाही याची खात्री करून.

ऑक्टोबर उजाडला, पाऊस ओसरला आणि बंदी उठली, की अंधारबन करायला हरकत नाही. पिंपरीपासून हिरडीपर्यंत, आणि पुढे भिऱ्याला उतरेपर्यंत, हे दाट सावलीतून जाणारं सुंदर चालणं आहे, पण दिवसभराचं आहे. पुढच्या टोकाला गाडी कशी पोचणार हे आधी ठरवा, नाही तर संध्याकाळी हिरडीत गाडी शोधत बसाल. गावातला एक वाटाड्या घ्या. दिलेले पैसे गावात राहतात आणि तुम्हीही वाट चुकत नाही. ताम्हिणी गावात विंझाई देवीचं देऊळ आहे, तिथे क्षणभर टेका. देवराईतून जाताना एक काडीही उचलू नका. गावकरी मोडलेली फांदीही घरी नेत नाहीत, तिथे पाहुण्यांनी काय घ्यावं?

किल्ल्यांची हौस असणाऱ्यांसाठी निव्यापासून लोणावळ्याकडे जाणारा रस्ता पकडावा. पिंपरी, भांबुर्डे, सालतर अशी गावं लागतात. एकोले गावातून घनगड तासाभरात होतो. कैलासगडावर बांधकाम फारसं उरलेलं नाही, पण जलाशयाचे सगळे फाटे एका नजरेत दिसतात ते तिथूनच, आणि खाली बुडालेल्या खोऱ्याचा आकार तिथे कळतो. तैलबैलाच्या दोन कातळभिंती पायथ्याहूनच पाहा, वर चढणं हे दोरवाल्या गिर्यारोहकांचं काम. पेठ शहापूरहून कोरीगड : तटबंदी सलग, तळी, तोफा, कोराई देवी, आणि मार्च १८१८ मध्ये कर्नल प्रॉथरच्या तोफांनी दारूगोळ्याचा साठा उडाल्यावर किल्लेदाराला किल्ला सोडावा लागला ती जागा. म्हाताऱ्या माणसांना घेऊन जाता येईल असा हा एकच किल्ला इथला. पायऱ्या चांगल्या आहेत.

आणि ज्यांना दोन दिवसांची सुट्टी आहे, त्यांनी दुसऱ्या दिवशी परत भूगावाकडे वळू नये. ताम्हिणीतून विळ्याकडे उतरा. घाट संपला की हवेतला गारवा जातो, आणि मार्चनंतर तर भट्टीत शिरल्यासारखं वाटतं. भिऱ्याला डोंगरावरून उतरणारे ते जाडे पाइप दिसतील. वर ज्या पाण्याकाठी रात्र काढली, तेच पाणी या पाइपांतून वीजकेंद्रात येऊन कुंडलिकेत जातं. कोलाडला राफ्टिंग होतं ते याच पाण्यावर, त्यामुळे वेळ सकाळची, आणि पाणी सोडलं तरच. आदल्या दिवशी फोन करून पाणी किती वाजता सुटणार ते विचारा. सोमवारी-मंगळवारी गर्दी आणि भाव दोन्ही उतरलेले असतात. जॅकेट स्वतः ओढून बघा, हेल्मेटचा पट्टा हनुवटीखाली आवळा, आणि वाटाड्या म्हणेल तेव्हाच वल्हं मारा. उन्हाळ्यात ते पाणी गारेगार असतं.